बारा किलो साल, अर्धा ग्रॅम औषध

झाडाच्या सालीत औषध असतं हे कळायला आपल्याकडे कुणाला शास्त्रज्ञाची वाट पाहावी लागली नाही. हगवणीवर कुड्याची साल, छातीच्या दुखण्यावर अर्जुनाची, बायकांच्या तक्रारींवर अशोकाची, हिरड्यांना बाभळीची. घरातल्या जुन्या माणसांना ही यादी तोंडपाठ असते आणि तिच्यातलं काही खरोखर गुणकारीही असतं. अडचण पुढे सुरू होते. साल हा एक पदार्थ नाही. तिच्यात टॅनिनं, रेझिनं, मेणं, शर्करा, अल्कलॉइडं अशी शेकडो संयुगं एकत्र नांदत असतात. त्यांतलं नेमकं कोणतं उपयोगी पडतं? ते किती आहे? आणि उपयोगी पडतं म्हणजे शरीरात जाऊन करतं तरी काय? या तीन प्रश्नांची उत्तरं काढायला केवढे सायास पडतात, ते टॅक्सॉल या औषधाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं. झाड अमेरिकेतलं आहे, पण त्याच्या सालीतला तो रेणू शुद्ध करून त्याची रचना उलगडणाऱ्या दोन प्रमुखांपैकी एक जण नंदुरबारचा होता.

मनसुख वाणी यांचा जन्म 1925 साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करून ते पुढे अमेरिकेला गेले आणि 1962 साली त्यांनी इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. वॉल पूर्वी अमेरिकेच्या कृषी खात्यात होते. कॉर्टिसोन तयार करायला लागणारी स्टेरॉइडं कोणत्या वनस्पतींत मिळतात याचा शोध घेण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती. वनस्पतीतून नको ते काढत काढत हवं ते हाती कसं आणायचं, याचा त्यांच्याइतका जाणकार माणूस तेव्हा क्वचितच असेल. या दोघांची जोडी पुढची जवळजवळ चाळीस वर्षं टिकली.

योगायोग असा, की 1962च्याच ऑगस्टमध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचो राष्ट्रीय वनात, कृषी खात्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल, डहाळ्या, पानं आणि फळं गोळा करत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं वनस्पतींची सरसकट झडती घेण्याचा एक मोठा कार्यक्रम 1960 साली हाती घेतला होता. दिसेल त्या जातीचे नमुने आणायचे, अर्क काढायचा आणि तो कर्कपेशींवर टाकून पाहायचा. 1981 साली हा कार्यक्रम थांबला तोवर एक लाखाहून अधिक अर्क तपासून झाले होते. वैदूनं सांगितलं म्हणून, किंवा एखाद्या पोथीत नाव होतं म्हणून, यूची निवड झालेली नव्हती. पारंपरिक ज्ञानातूनच सगळी औषधं सापडतात असं मानणाऱ्यांनी आणि ते ज्ञान कुचकामी ठरवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. क्विनीन लोकांच्या अनुभवातून आलं, टॅक्सॉल आंधळ्या झडतीतून आलं. पुढची मेहनत दोघांनाही सारखीच पडली.

यू हे सावलीत, मोठ्या वृक्षांच्या पायथ्याशी अत्यंत हळू वाढणारं झाड. लाकूडतोड्यांच्या लेखी ते कचराच होतं. डग्लस फर तोडून नेल्यावर उरलेल्या काटक्याकुटक्यांबरोबर यूही जाळून टाकत. या कुळातल्या झाडांची ख्याती खरं तर विष म्हणूनच जास्त. युरोपातल्या यूचा पाला खाऊन गुरं-घोडी मरतात. गॉलमधल्या एका राजानं यूचं विष घेऊन जीव दिल्याची नोंद सीझरनं करून ठेवली आहे. मात्र ते विष टॅक्सीन नावाच्या अल्कलॉइडांचं. औषध निघालं ते वेगळंच संयुग होतं.

बार्कलेनं नमुन्याबरोबर झाडाची नीट ओळख पटवून नोंद केली. हे कारकुनी काम वाटतं, पण सालीच्या संशोधनात पहिला घात इथेच होतो. आपल्या बाजारात अशोकाची साल म्हणून जी विकली जाते, तिच्यात रस्त्याकडेला उंच सुळक्यासारख्या वाढणाऱ्या आसुपालवाची साल मिसळलेली अनेकदा सापडते. वाळलेली, तुकडे केलेली साल नुसत्या डोळ्यांनी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. नमुनाच चुकीचा असेल तर पुढचं सगळं रसायनशास्त्र कितीही बिनचूक केलं तरी वाया जातं.

1964 साली कळलं की यूच्या सालीचा अर्क केबी नावाच्या पेशींना मारतो. या पेशी तोंडाच्या कर्करोगातून घेतल्या आहेत असा तेव्हा समज होता. पुढे उघड झालं की त्या प्रत्यक्षात हेला पेशी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी होत्या. जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांनी इतर पेशींच्या बाटल्यांमध्ये घुसखोरी केली होती. निकाल त्यामुळे खोटा ठरला नाही. पण पेशी मारणं ही काही फार मोठी मर्दुमकी नव्हे. बाटलीतल्या पेशी पुरेसं मीठ घातलं तरी मरतात. शिवाय सालीच्या बाबतीत एक खास फसवणूक असते ती टॅनिनांची. कातडी कमावायला बाभळीची साल वापरतात ती याच टॅनिनांसाठी. ती प्रथिनांना घट्ट चिकटतात, आणि चाचणीतलं कोणतंही प्रथिन अशा रीतीनं आवळलं गेलं की अर्क ‘गुणकारी’ असल्याचा भास होतो. सालीच्या कच्च्या अर्कावरून मोठमोठे दावे करणाऱ्यांनी आधी टॅनिनं काढून टाकली होती का, हे पाहावं.

वॉल यांनी केबी पेशींवर असर दाखवणाऱ्या वनस्पती स्वतःहून मागून घेतल्या आणि त्यांत यू त्यांच्याकडे आला. आता खरं काम सुरू झालं. वाळलेली साल आणि खोडाचे तुकडे मिळून बारा किलो माल त्यांनी घेतला आणि 95 टक्के अल्कोहोलमध्ये त्याचा अर्क काढला. अल्कोहोल उडवल्यावर जो चिकट गाळ राहिला, तो पाणी आणि क्लोरोफॉर्म यांच्यामध्ये विभागला. हे दोन द्रव एकमेकांत मिसळत नाहीत. क्लोरोफॉर्म जड, तो खाली बसतो. शर्करा, क्षार आणि टॅनिनं पाण्यात राहतात, मेणचट रेणू क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. कर्करोगाविरुद्धचा गुण कुठे गेला? तो क्लोरोफॉर्ममध्ये गेला. म्हणजे अर्ध्याहून अधिक सामान एका फटक्यात बाजूला झालं.

हा गुण कुठे गेला ते कसं कळणार, हाच या सगळ्या शास्त्राचा गाभा आहे. हवा असलेला रेणू कसा दिसतो हे ठाऊक नसतं, त्याला रंग नसतो, वास नसतो. तो ओळखायची एकच खूण म्हणजे त्याचं काम. म्हणून अर्काचे दोन भाग केले की दोन्हींची परीक्षा घ्यायची. ज्यात गुण आहे तो ठेवायचा, दुसरा बाजूला सारायचा. ठेवलेल्याचे पुन्हा भाग करायचे, पुन्हा परीक्षा. यूच्या बाबतीत ही परीक्षा नुसत्या बाटलीतल्या पेशींवर न थांबता जिवंत उंदरांवर होत होती. वॉकर नावाची गाठ ज्यांच्या अंगात रुजवली आहे अशा प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना तो अंश द्यायचा आणि गाठ किती घटते ते मोजायचं. उंदरांवरची परीक्षा महाग आणि संथ. पण तिचा एक फायदा होता. जो पदार्थ पेशींना मारतो पण अंगात गेल्यावर नुसतंच विष ठरतो, तो इथे लगेच उघडा पडत असे. मला विचाराल तर टॅक्सॉल सापडण्याचं अर्धं श्रेय या हट्टाला द्यायला हवं.

वेगळं करण्याचं तंत्र होतं क्रेग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचं. काचेच्या नळ्यांची ओळ मांडायची. प्रत्येक नळीत न मिसळणारे दोन द्रव घालायचे. हलवायचं, थांबायचं, वरचा थर पुढच्या नळीत ढकलायचा, पुन्हा हलवायचं. ज्या रेणूला वरचा द्रव थोडा जास्त आवडतो तो पुढे सरकतो, ज्याला खालचा आवडतो तो मागे रेंगाळतो. एकमेकांशी अगदी मिळतेजुळते असलेले रेणूही असे शेकडो वेळा हलल्यावर वेगवेगळ्या नळ्यांत जाऊन बसतात. आजच्या प्रयोगशाळेत उच्चदाब क्रोमॅटोग्राफीचं यंत्र तासाभरात जे करतं, ते त्या काळी या नळ्यांनी दिवसचे दिवस खपून केलं. तंत्र सौम्य होतं. ना उष्णता, ना तीव्र आम्ल. नाजूक रेणू त्यामुळे मोडला नाही.

शेवटी हाती आलं ते अर्धा ग्रॅम. बारा किलोतून अर्धा ग्रॅम म्हणजे 0.004 टक्के. 1967 साली वॉल यांनी त्याला टॅक्सॉल हे नाव दिलं. त्याची रचना कळायची होती अजून. आण्विक वजन 850च्या पुढे, 47 कार्बन, आणि त्या काळातली उपकरणं. क्ष-किरणांनी स्फटिकाचं चित्र घ्यावं तर टॅक्सॉलचा हवा तसा स्फटिक होईना. मग वाणी आणि वॉल यांनी रेणू शून्य अंश तापमानाला, हलक्या हातानं, दोन भागांत तोडला. एक मोठा गाभा निघाला आणि एक छोटी शेपटी. दोन्ही तुकड्यांना आयोडीन, ब्रोमीन असे जड अणू जोडून त्यांचे स्फटिक केले. ड्यूक विद्यापीठातल्या अँड्र्यू मॅकफेल यांनी ते क्ष-किरणांखाली वाचले. नंतर तुकडे मूळ रेणूत कुठे जोडलेले होते तो हिशेब रसायनशास्त्रानं पुरा केला. 1971 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं तेव्हा लेखकांच्या यादीत पहिलं नाव वाणींचं होतं.

आणि मग काहीच झालं नाही. टॅक्सॉल पाण्यात विरघळत नव्हतं. ते मिळवणं अवघड होतं, रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमीच्या चाचण्यांत त्याचा प्रभाव बेताचाच होता. कर्करोग संस्थेला त्यात रस वाटेना. सत्तरच्या दशकाच्या मध्याला उंदरांतल्या बी-16 या त्वचेच्या कर्करोगावर ते चांगलं चाललं म्हणून फाइल पुन्हा उघडली गेली.

निर्णायक वळण आलं 1979 साली, आणि ते रसायनशास्त्रानं नव्हे तर पेशीशास्त्रानं दिलं. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या सुझन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅक्सॉल ट्यूब्युलिन या प्रथिनात टाकून पाहिलं. पेशीचे दोन भाग होताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेण्यासाठी ट्यूब्युलिनच्या सूक्ष्मनलिका उभ्या राहतात आणि काम झालं की उतरवल्या जातात, बांधकामाच्या परांचीसारख्या. कॉल्चिसिन, व्हिनब्लास्टिन ही तोवर माहीत असलेली वनस्पतिजन्य औषधं ही परांची उभीच राहू देत नसत. टॅक्सॉलनं उलटं केलं. परांची भराभर उभी राहिली आणि मोडेचना. एरवी गारठ्यानं आणि कॅल्शियमनं सूक्ष्मनलिका विरघळून जातात, टॅक्सॉल घातलेल्या तशाच राहिल्या. विभाजनाच्या मध्यावर अडकलेली पेशी पुढे जाऊ शकत नाही, मागेही फिरू शकत नाही, आणि मरते. असं काम करणारा रेणू तोवर कुणी पाहिलेला नव्हता. एका नव्या यंत्रणेचा शोध लागला आणि टॅक्सॉलकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

याच यंत्रणेतून त्याचे दुष्परिणामही उलगडतात. केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात, म्हणून केस जातात. मज्जापेशींच्या लांबलचक तंतूंमधली वाहतूक सूक्ष्मनलिकांवरून चालते, म्हणून बोटांना मुंग्या येतात. पाण्यात न विरघळण्याच्या खोडीवर तोडगा निघाला तो एरंडेलातून. प्रक्रिया केलेलं एरंडेल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात टॅक्सॉल विरघळवलं. पण याच द्रावकामुळे सुरुवातीच्या रुग्णांना जीवघेण्या ॲलर्जी झाल्या आणि चाचण्या बंद पडायची वेळ आली. सलाईन हळू सोडायचं आणि आधी स्टेरॉइड व ॲलर्जीविरोधी इंजेक्शनं द्यायची, हा उपाय तेव्हा ठरला. किमोच्या वॉर्डात आजही टॅक्सॉलची बाटली लावण्याआधी नर्स दोन-तीन लहान इंजेक्शनं देते, ती त्या चाचण्यांची आठवण. 1989 साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून बातमी आली की इतर औषधांना दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगात तीस टक्के रुग्णांच्या गाठी टॅक्सॉलनं आटल्या. डिसेंबर 1992 मध्ये अमेरिकेत त्याला परवाना मिळाला, 1994 मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठीही. टॅक्सॉल हे नाव तोवर एका औषध कंपनीच्या मालकीचं झालं होतं, म्हणून औषधाला पॅक्लिटॅक्सेल असं दुसरं नाव द्यावं लागलं.

परवाना मिळाला, पण साल कुठून आणायची? शंभर वर्षांच्या एका यूची साल जेमतेम तीन किलो भरते. तिच्यातून एका मात्रेपुरतं औषध निघतं, आणि एका रुग्णाला अनेक मात्रा लागतात. साल पूर्ण सोलली की झाड मरतं. ज्या जुन्या जंगलात यू वाढतो, तिथेच ठिपकेवाल्या घुबडाची वस्ती. 1990 साली त्याला संरक्षण मिळालं होतं. झाड की माणूस असा वाद वर्तमानपत्रांतून पेटला. 1992 साली अमेरिकेच्या संसदेनं यूसाठी स्वतंत्र कायदा केला. तोवर शेकडो टन साल सोलून झाली होती.

सुटका झाली ती फ्रान्समधून. जिफ-सुर-इव्हेत इथल्या पियेर पोतिए यांच्या गटाला युरोपीय यूच्या पानांत एक रेणू सापडला. तो म्हणजे टॅक्सॉलचा गाभाच, फक्त शेपटी नसलेला. किलोभर ओल्या पानांतून तो सुमारे ग्रॅमभर मिळतो. वाणी-वॉल यांनी 1971 साली जी शेपटी तोडून वेगळी केली होती, ती प्रयोगशाळेत बनवून या गाभ्याला जोडली की औषध तयार. पानं पुन्हा फुटतात, कुंपणाची छाटणीही चालते. फ्लोरिडातल्या रॉबर्ट हॉल्टन यांनी ही जोडणी कारखान्याला परवडेल अशी केली. 1994 साली अख्खा रेणू शून्यापासून बनवण्यातही रसायनशास्त्रज्ञांना यश आलं. ते देखणं होतं, पण इतक्या पायऱ्यांचं, की बाजारात त्याचा उपयोग नव्हता. आता बरंचसं पॅक्लिटॅक्सेल यूच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून काढतात. सालीची गरज उरलेली नाही. आपल्या हिमालयातला यू, म्हणजे थुनेर, मात्र मधल्या काळात भरपूर ओरबाडला गेला आणि 1995 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

वाणी आणि वॉल यांचं आणखी एक काम आपल्या सह्याद्रीपर्यंत येऊन पोचतं. टॅक्सॉलच्या आधी, 1966 साली, त्यांनी चिनी कॅम्टोथेका झाडाच्या लाकडातून आणि सालीतून कॅम्टोथेसिन वेगळं केलं होतं. तेही पाण्यात विरघळेना. तेव्हा डॉक्टरांनी त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. क्षार करताना रेणूतलं एक कडं उघडतं आणि उघड्या कड्याचा रेणू कर्करोगावर निकामी असतो. मूत्राशयातल्या आम्लामुळे तेच कडं पुन्हा मिटतं, आणि औषध नको तिथे जागं होऊन रक्तस्राव घडवतं. चाचण्या सोडून द्याव्या लागल्या. कॅम्टोथेसिन डीएनएचे पीळ सोडवणाऱ्या एका विकराला अडकवतं, हे 1985 साली कळल्यावर त्याचे सुधारलेले भाऊबंद टोपोटेकान आणि इरिनोटेकान तयार झाले. आज ते जगभर वापरात आहेत.

आता कॅम्टोथेसिन दुसऱ्या एका झाडात असल्याचं 1972 सालीच मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं होतं. ते झाड म्हणजे आपल्या घाटातला नरक्या. लहानखुरं, घाणेरड्या वासाचं, एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं असं. चिनी झाडापेक्षा यात कॅम्टोथेसिन जास्त मिळतं, आणि तेच त्याच्या जिवावर उठलं. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड आणि वन खात्याच्या धाडी यांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. तोडणाऱ्याच्या हातात मजुरी पडते, खरा पैसा पुढे कुठेतरी होतो.

पॅसिफिक यू कायद्यानं थोडा आणि पोतिएंच्या पानांनी बराच वाचला. नरक्याला अजून तशी पानं मिळालेली नाहीत. झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीतून कॅम्टोथेसिन काढण्याचे प्रयोग भारतात झाले, पण कारखान्याला पुरेल एवढं ते देत नाही. तोवर एकच रास्त मार्ग उरतो. झाडाझाडांत कॅम्टोथेसिनचं प्रमाण बरंच कमी-जास्त असतं, तेव्हा जास्त देणारी झाडं हुडकून त्यांची रोपं घाटमाथ्याच्या शेतकऱ्यांच्या बांधावर लावावीत, खरेदीचा भाव आधी जाहीर करावा आणि जंगलातल्या नरक्याला हात लावू नये. वन खातं, कृषी विद्यापीठं आणि औषध कंपन्या यांनी मिळून हे काम आता हाती घ्यायला हवं.